पीटीवायच्या परवानग्या: सामायिक सर्व्हरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याला आमचा एक सामायिक लिनक्स सर्व्हर आहे. इंजिनिअरिंगची पोरं, दोन-तीन फ्रीलान्सर आणि मी, असे वीसेक जण त्याच्यावर एसएसएचने येतो. पावसात वीज गेली की सगळे एकदम पडतात, आली की एकदम परत येतात, आणि मग तेच तेच प्रश्न येतात. दर वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून बोटं दुखायला लागली म्हणून हे एकदाच लिहून ठेवलं. आज्ञा, फाइलींची नावं, पर्याय सगळं देवनागरीत आहे. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाकायचं.

पीटीवाय म्हणजे नेमकं काय? त्याला परवानग्या कशाला लागतात?

पीटीवाय म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेलं नकली टर्मिनल. त्याची एक जोडी असते. मास्टर बाजू टर्मिनल एम्युलेटर, एसएसएच सर्व्हर किंवा टीमक्सच्या हातात, आणि स्लेव्ह बाजू शेलच्या हातात. शेलला वाटतं, आपण खऱ्याखुऱ्या टर्मिनलला जोडलेलो आहोत. मास्टर मिळवायचा तर /डेव्ह/पीटीएमएक्स उघडायचं. ते उघडताक्षणी /डेव्ह/पीटीएस/ मध्ये एक नवा क्रमांक उगवतो, समजा /डेव्ह/पीटीएस/३. मास्टर बंद झाला की तो क्रमांक नाहीसा होतो.

/डेव्ह/पीटीएमएक्स ही सगळ्यांसाठी एकच फाइल आणि तिची परवानगी ०६६६, म्हणजे कुणीही वाचावं-लिहावं, कारण पीटीवाय मागायचा हक्क सगळ्यांनाच हवा. खरा प्रश्न स्लेव्हचा आहे. ती फाइल तुमचा कीबोर्डही आहे आणि पडदाही. तिला कोण वाचतं, कोण लिहितं, यावर सगळं अवलंबून.

एलएस -एल केलं तर माझ्या टर्मिनलपुढे ‘सीआरडब्ल्यू--डब्ल्यू----’ दिसतं. गटाला लिहायचा हक्क आहे, पण वाचायचा नाही. हे उलटं नाही का?

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही कुणाची तरी चूक वाटली होती. पण आपल्याकडचा पोदेर आठवा. सकाळी सायकलचा हॉर्न वाजवत येतो, फाटकाला टांगलेल्या पिशवीत चार पाव टाकतो नि जातो. पिशवीत टाकायचा हक्क त्याला आहे. घरात येऊन ताटात काय वाढलंय ते बघायचा नाही.

इथे पोदेर म्हणजे टीटीवाय नावाचा गट. बहुतेक डिस्ट्रिब्युशनांत त्याचा क्रमांक ५ असतो. राइट आणि वॉल हे प्रोग्राम परंपरेने या गटाच्या सेटजीआयडीने (कुणीही चालवले तरी या गटाच्या हक्काने) चालतात, म्हणून ते तुमच्या पडद्यावर ‘दहा मिनिटांत सर्व्हर बंद होतोय’ असा मजकूर टाकू शकतात, पण तुम्ही टाइप केलेलं वाचू शकत नाहीत. तुम्ही स्वतः त्या गटात नसता, असूही नये. मालकाला ६ (वाचणं-लिहिणं), गटाला २ (नुसतं लिहिणं), बाकीच्यांना ०: मिळून ०६२०.

हा आकडा कुठून आला ते पाहायचं तर ‘फाइंडएमएनटी /डेव्ह/पीटीएस’ चालवा. तिथे ‘जीआयडी=५,मोड=६२०’ दिसेल. म्हणजे फाइल जन्मालाच ही परवानगी घेऊन येते. मागाहून कुणी बसून सीएचमॉड केलेलं नसतं. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात हे लागणार आहे, एवढं ध्यानात असू द्या.

मला कुणाचेच संदेश नकोत. पिशवी काढून ठेवता येते का?

‘मेसेज एन’, म्हणजे रोमन लिपीत एम-ई-एस-जी नि मग एन. ही आज्ञा गटाचा लिहायचा बिट काढते, ०६२० चे ०६०० होतात. ‘मेसेज वाय’ने परत. ही आज्ञा बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना चालणाऱ्या फाइलीत) टाकणार असाल तर आधी ‘टीटीवाय -एस &&’ लावा, नाहीतर आरसिंक किंवा एससीपीच्या वेळी, जिथे टर्मिनलच नसतं तिथे, ‘इनअ‍ॅप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस’ अशी कुरकुर ऐकावी लागते.

‘मेसेज एन’ ही नुसती शांततेची हौस नाही. मार्च २०२४ मध्ये वॉलमधली एक चूक जाहीर झाली. कमांडलाइनवर दिलेल्या मजकुरातले एस्केप सिक्वेन्स तो गाळत नव्हता, त्यामुळे दुसऱ्याच्या पडद्यावर खोटा पासवर्ड प्रॉम्प्ट रंगवता येत होता. वॉल ज्या संचातून येतो त्या युटिल-लिनक्सच्या २.४० मध्ये ती दुरुस्त झाली. पिशवीत पावाऐवजी काहीही टाकता येतं, हे तेव्हा बऱ्याच जणांना कळलं.

‘सुडो सु - बिल्ड’ करून बिल्ड युजरमध्ये गेलो. स्क्रीन (आपण निघून गेलो तरी सत्र चालू ठेवणारा प्रोग्राम) सुरू केलं तर ‘कॅनॉट ओपन युवर टर्मिनल /डेव्ह/पीटीएस/०’ म्हणतं. पण बाकी सगळं तर चालतंय!

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तर हमखास, कारण सगळ्यांना घरी जायच्या आधी एखादं लांबलचक काम स्क्रीनमध्ये सोडून जायचं असतं.

टर्मिनलचा मालक तुम्ही, म्हणजे ज्या नावाने एसएसएच केलं तो युजर. सु केल्यावर नवा शेल बिल्डच्या नावाने चालतो, पण त्याला ०, १, २ हे तीन डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलींचे क्रमांक) आधीच उघडलेले आयते मिळतात. उघडलेल्या डिस्क्रिप्टरवर वाचा-लिहायला परवानगी पुन्हा तपासली जात नाही. ती तपासली जाते फक्त उघडताना. म्हणून एलएस, व्हिम, मेक सगळं सुखाने चालतं. स्क्रीन मात्र टर्मिनलचं नाव विचारून घेतं आणि त्या नावाने फाइल नव्याने उघडायला जातं. तिथे कर्नल विचारतं, तू कोण? बिल्ड. मालक? नाही. टीटीवाय गटात? नाही. मग चल निघ.

याच कारणाने सु केल्यानंतर ‘इको काहीतरी > /डेव्ह/एसटीडीईआरआर’ अडतं, कारण तो मार्ग फिरून फिरून /डेव्ह/पीटीएस/० लाच पोचतो आणि फाइल नव्याने उघडावी लागते. जीपीजीचा पिनएन्ट्री पासफ्रेज न विचारताच मरतो, त्याच्याही मागे बऱ्याचदा हेच. /डेव्ह/टीटीवाय मात्र उघडतं. त्याची स्वतःची परवानगी ०६६६ असते आणि ते तुमच्या कंट्रोलिंग टर्मिनलकडे आतल्या वाटेने नेतं.

उपाय: त्या युजरच्या नावाने नवा पीटीवाय घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे सु केल्यावर ‘स्क्रिप्ट /डेव्ह/नल’ चालवा. स्क्रिप्ट हा प्रोग्राम सत्राची नोंद ठेवण्यासाठी आहे, पण तो स्वतःसाठी नवा पीटीवाय उघडतो, आणि तो बिल्डने उघडला म्हणून त्याचा मालक बिल्ड. नोंद आपण /डेव्ह/नलमध्ये बुडवतो. दिसायला जुगाड आहे, पण परवानग्यांच्या हिशेबाने अगदी स्वच्छ. त्याहून बरं म्हणजे सरळ बिल्डच्याच नावाने एसएसएच करा.

नेटवर एका ठिकाणी ‘सीएचमॉड ६६६ /डेव्ह/पीटीएस/०’ दिलंय. तेही चालतं. मग काय बिघडलं?

चालतं, हेच बिघडलं. करून बघा, पण स्वतःच्या लॅपटॉपवर. दोन खिडक्या उघडा. पहिलीत ‘टीटीवाय’ टाइप करून क्रमांक घ्या, समजा ४. दुसरीत ‘कॅट < /डेव्ह/पीटीएस/४’ चालवा. आता पहिल्या खिडकीत परत या आणि काहीही टाइप करायला लागा. काही अक्षरं उमटतील, काही गायब. गायब झालेली दुसऱ्या खिडकीत पडलेली दिसतील. एकाच नळाला दोन घागरी लावल्यासारखं: ज्याचा रीड आधी लागला त्याच्या घागरीत.

आता हीच परवानगी सामायिक सर्व्हरवर सगळ्यांना दिली आहे आणि तुम्ही सुडोचा पासवर्ड टाइप करताय असं समजा. तुम्हाला दिसेल ‘सॉरी, ट्राय अगेन’. तुम्ही म्हणाल, बोट चुकलं. अर्धा पासवर्ड दुसऱ्याकडे गेलेला असेल, आणि तुम्ही तर पुन्हा टाइप करणारच.

आमच्या सर्व्हरवर ही आज्ञा एका स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये कित्येक महिने बसली होती. कुणी टाकली हे मला ठाऊक आहे; त्या दिवशी मला घरी जायची घाई होती.

बरं, चुकून केलं. परत ६२० केलं की झालं ना?

दार बंद झालं, एवढंच. मघाशी सांगितलं ते इथे उलटं अंगावर येतं: ज्याने आधीच फाइल उघडून ठेवली आहे त्याचा डिस्क्रिप्टर तसाच चालू राहतो. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीची फळी वर उचलली की नवा माणूस चढत नाही, पण आधी चढून बसलेला उतरतो थोडाच?

‘फ्युझर -व्ही /डेव्ह/पीटीएस/४’ किंवा ‘एलएसओएफ’ने बघा कोण कोण धरून बसलंय. पण खात्रीचा उपाय म्हणजे ते सत्रच बंद करून नवं उघडायचं. त्या काळात पासवर्ड टाइप केला असेल तर तोही बदला.

सीमध्ये पीटीवाय उघडायचा क्रम काय?

पॉझिक्स_ओपनपीटी, ग्रँटपीटी, अनलॉकपीटी, पीटीएसनेम, आणि मग त्या नावाने ओपन. पहिल्याला ओ_आरडीडब्ल्यूआर बरोबर ओ_नोसीटीटीवाय द्या, नाहीतर डीमन (पडद्यामागे चालत राहणारा प्रोग्राम) लिहिताना नको ते टर्मिनल गळ्यात पडायची शक्यता राहते.

पोरं अनलॉकपीटी विसरतात. मग स्लेव्ह उघडताना ‘इनपुट/आउटपुट एरर’ येतो. नाव इतकं भयानक आहे की एकाने डिस्क तपासायला घेतली होती. डिस्कला काही झालेलं नसतं. स्लेव्हला जन्मतःच कुलूप असतं, ते काढायचं राहिलं. हाच एरर आणखी एका ठिकाणी भेटतो: स्लेव्ह बाजूचा शेवटचा डिस्क्रिप्टर बंद झाल्यावर मास्टरवर रीड केलं तर. लिनक्सवर तो ‘पलीकडचा गेला’ असा निरोप समजायचा आणि लूपमधून बाहेर पडायचं.

पीटीएसनेम उत्तर एकाच स्थिर बफरमध्ये ठेवतं. थ्रेड असतील तर पीटीएसनेम_आर वापरा. पायथॉनवाल्यांना ओएस.ओपनपीटीवाय पूर्वीपासून आहे. वेगवेगळ्या पायऱ्या हव्या असतील तर ३.१३ पासून त्याही मिळतात.

ग्रँटपीटी आता काही करतच नाही असं ऐकलं. काढून टाकू?

ऐकलं ते खरं, पण काढू नका.

पूर्वी ग्रँटपीटीचं काम होतं स्लेव्हचा मालक, गट आणि परवानगी नीट लावणं. साध्या युजरला फाइलीचा मालक बदलता येत नाही, म्हणून जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) पीटी_चोन नावाचा सेटयुआयडी-रूट मदतनीस चालवायची. रूटच्या ताकदीचा प्रोग्राम कुणाच्याही सांगण्यावरून मालकी बदलतोय म्हटल्यावर व्हायचं ते झालं: २०१३ साली त्यातून दुसऱ्याच्या टर्मिनलवर हक्क मिळवता येतो असं उघड झालं आणि जीलिबसी २.१८ पासून तो मुळात बांधणंच थांबवलं. २०२१ च्या २.३३ पासून लिनक्सवर ग्रँटपीटी जवळजवळ एवढंच बघतं की दिलेला डिस्क्रिप्टर खरोखर मास्टरचा आहे का. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीमध्ये तर ते नुसतं शून्य परत देतं. परवानगी लावायचं काम /डेव्ह/पीटीएसमागची डेव्हपीटीएस फाइलसिस्टमच करते, माउंटच्या पर्यायांनुसार.

मग ठेवायचं कशाला? कारण पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाचा क्रम तो आहे, आणि तुमचा कोड उद्या मॅकवर किंवा बीएसडीवर गेला तर तिथे त्याला काम असू शकतं. एक जुनी अटही माहीत असावी: एसआयजीसीएचएलडीचा (पोटची प्रोसेस संपल्याच्या सिग्नलचा) हँडलर लावलेला असताना ग्रँटपीटी बोलावलं तर काय होईल ते पॉझिक्सने सांगितलेलं नाही. तो मदतनीस वेगळी प्रोसेस म्हणून चालायचा, त्याचं हे शेपूट.

माझा डीमन रूटने चालतो. त्याने उघडलेल्या पीटीवायचा मालक रूटच दिसतो, युजरचा शेल कुरकुरतो.

/डेव्ह/पीटीएमएक्स ज्याने उघडलं तो मालक, नियम एवढाच. डीमन रूट असेल तर मालकी तुम्हालाच बदलावी लागणार. एसएसएच सर्व्हरही तेच करतो. स्लेव्ह उघडा, त्याच्या डिस्क्रिप्टरवर एफचोन करा, मग एफसीएचमॉड ०६२०. नावाने चोन करू नका. डिस्क्रिप्टर हातात असताना नावावर कशाला विसंबायचं? आणि गटाचा क्रमांक ५ असा कोडमध्ये ठोकून देऊ नका, गेटजीआरनॅमला ‘टीटीवाय’ विचारा. टीटीवाय गट नसेल तर ०६००. हे सगळं फोर्क करून हक्क सोडायच्या आधी.

क्रूट केल्यावर (एका फोल्डरलाच मूळ ‘/’ मानून त्यात काम सुरू केल्यावर) ‘पीटीवाय अ‍ॅलोकेशन रिक्वेस्ट फेल्ड’ येतं.

क्रूटच्या आत /डेव्ह/पीटीएस माउंट केलेलं नाही. माउंट करा, पण कसं करता त्यावर बरंच आहे, आणि ते मी महागात शिकलो.

पूर्वी एका ठिकाणी कामाला होतो तिथे जुना बिल्ड सर्व्हर होता, कर्नल ३.१० मालिकेचं. रोज रात्री एक स्क्रिप्ट क्रूट तयार करायची आणि आत नुसतं ‘माउंट -टी डेव्हपीटीएस’ करायची, पर्याय काही नाहीत. सकाळी आल्यावर दिसायचं की आदल्या दिवशी उघडलेली टर्मिनलं ०६२० वर नीट, आणि रात्रीनंतर उघडलेली सगळी ०६००, गट टीटीवायऐवजी ज्याचा त्याचा. वॉलचे संदेश निम्म्या लोकांना जायचे, निम्म्यांना नाही. आम्ही आठवडाभर वॉलला शिव्या घातल्या.

कारण असं: त्या काळी डेव्हपीटीएस साऱ्या मशीनवर एकच असायची. क्रूटच्या आत पर्यायांशिवाय माउंट केलं की बाहेरच्या खऱ्या /डेव्ह/पीटीएसचेही पर्याय पुसले जायचे, मोड मूळच्या ०६०० वर यायचा नि जीआयडी निघून जायचा. आत वेगळी प्रत हवी असेल तर ‘न्यूइन्स्टन्स’ असं स्पष्ट सांगावं लागे. २०१६ च्या कर्नल ४.७ पासून प्रत्येक माउंट आपोआप स्वतंत्र झालं आणि हा त्रास संपला.

आज मी लिहितो ते असं: माउंट -टी डेव्हपीटीएस -ओ न्यूइन्स्टन्स,पीटीएमएक्समोड=०६६६,मोड=०६२०,जीआयडी=५. नव्या कर्नलवर न्यूइन्स्टन्सला अर्थ नाही, पण जुन्यावर तो वाचवतो. पीटीएमएक्समोड विसरलात तर आतल्या पीटीएमएक्स फाइलीची परवानगी ०००० राहते, आणि रूट सोडून कुणालाच टर्मिनल मिळत नाही. मग आतलं /डेव्ह/पीटीएमएक्स हे पीटीएस/पीटीएमएक्सचं सिमलिंक करा.

रूट नसलेल्या कंटेनरमध्ये हेच केलं तर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’.

तुमच्या युजर नेमस्पेसमध्ये (कंटेनरच्या युजर-गटांच्या वेगळ्या यादीत) गट ५ ची जोडणीच नाही. जीआयडी=५ काढून टाका. कंटेनर चालवणारा रनसीसुद्धा रूटलेस कॉन्फिग बनवताना तो पर्याय गाळतं.

कंटेनरच्या बाहेरून आतला पीटीवाय उघडला, तर पीटीएसनेमने भलत्याच फाइलीचं नाव दिलं.

नाव बरोबर आहे, जागा वेगळी आहे. आतला /डेव्ह/पीटीएस/३ आणि बाहेरचा /डेव्ह/पीटीएस/३ ही दोन वेगळी टर्मिनलं, आणि बाहेरचा कुणा तिसऱ्याचा असू शकतो. कर्नल ४.१३ पासून टीआयओसीजीपीटीपीअर हा आयओसीटीएल (डिव्हाइसला थेट हुकूम द्यायचा कॉल) आहे: मास्टरचा डिस्क्रिप्टर द्या, त्याच्याच जोडीच्या स्लेव्हचा डिस्क्रिप्टर घ्या, मध्ये नावाचा संबंधच नाही.

‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. डिस्क तर अर्धी रिकामी आहे!

डिस्कचं नव्हे, पीटीवायचं संपलंय. /प्रॉक/सिस/कर्नल/पीटीवाय/ मध्ये एनआर आणि मॅक्स बघा. मॅक्स मुळात ४०९६ असतो. वीस जणांच्या सर्व्हरवर तेवढे भरले असतील तर मॅक्स वाढवू नका. कुणाचा तरी प्रोग्राम मास्टर उघडून बंद करायचा विसरतोय, त्याला शोधा.

रूट असताना साध्या युजरचा प्रोग्राम सु करून चालवणं धोक्याचं असं का म्हणतात?

टीआयओसीएसटीआय नावाच्या आयओसीटीएलमुळे. आपल्या कंट्रोलिंग टर्मिनलच्या इनपुटमध्ये जणू कीबोर्डवरूनच आलं असं अक्षर ढकलायची सोय तो देतो. रूटने आपल्याच टर्मिनलवर ‘सु युजर -सी काहीतरी’ चालवलं, तर तो प्रोग्राम जाता जाता रूटच्या शेलसाठी एक आज्ञा टाइप करून ठेवू शकतो. इथे फाइलीच्या परवानग्या काही वाचवत नाहीत, कारण टर्मिनल आयतंच मिळालेलं असतं. इलाज तोच, वेगळा पीटीवाय: सुला ‘--पीटीवाय’ द्या, सुडोमध्ये यूज_पीटीवाय १.९.१४ पासून आपोआप चालू आहे. कर्नल ६.२ पासून हा आयओसीटीएल डेव्ह.टीटीवाय.लेगसी_टीआयओसीएसटीआय शून्य करून साध्या युजरांसाठी बंदही करता येतो. आमच्याकडे बंद आहे, आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

कुळागरातल्या पंपाचा सेन्सर यूएसबीला लावलाय. /डेव्ह/टीटीवाययूएसबी० वर ‘परमिशन डिनाइड’. मी टीटीवाय गटात जाऊ का?

नको! नावात टीटीवाय आहे म्हणून फसू नका. ते पीटीवाय नव्हे, सिरियल पोर्ट आहे, आणि डेबियन-उबुंटूवर त्याचा गट डायलआउट, आर्चवर यूयूसीपी. ‘सुडो युजरमॉड -एजी डायलआउट’ आणि पुढे आपलं युजरनेम, मग लॉगआउट करून परत या. टीटीवाय गटात गेलात तर पंप चालणार नाहीच, वर सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या पडद्यांवर लिहायचा हक्क तुम्हाला मिळेल.

पंप सावईवेऱ्यात, मी पणजीत. सेन्सरशिवाय प्रोग्राम तपासायचा कसा?

इथे मात्र पीटीवायच कामी येतो. सोकॅटला दोन पीटीवाय एकमेकांना जोडायला सांगा: दोन्हींना ‘पीटीवाय,रॉ,इको=०’ आणि प्रत्येकाला वेगळं ‘लिंक=’, समजा /टीएमपी/पंप आणि /टीएमपी/नकली. तुमचा प्रोग्राम /टीएमपी/पंप उघडेल, तुम्ही /टीएमपी/नकली मध्ये सेन्सरसारखे आकडे टाकायचे. प्रोग्राम वेगळ्या युजरने चालत असेल तर सोकॅटलाच ‘मोड=६६०,ग्रुप=डायलआउट’ द्या; मात्र त्या गटात तुम्ही स्वतः असायला हवं, नाहीतर तो गट लावताच येणार नाही. लिंक हे नुसतं सिमलिंक आहे, परवानगी मागच्या पीटीएस फाइलीचीच बघितली जाते, आणि सोकॅट बंद करून पुन्हा सुरू केलं की मागे नवी फाइल येते. हाताने केलेलं सीएचमॉड तिथेच वाया जातं.